एफएसआयचा हिशेब आपणही मांडू

मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलो. खोली १६० चौरस फुटांची, माणसं नऊ. दाटी म्हणजे काय ते मला कुणा नगररचनाकारानं शिकवू नये.

एफएसआय समजून घ्या. हजार फूट जमिनीवर १ एफएसआय म्हणजे हजार फूट बांधकाम. ४ म्हणजे चार हजार. जमीन तेवढीच, माल चौपट. आपल्या चाळींना नियमावलीनं ४ दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० फुटांची घरं मिळाली. आनंद आहेच. पण फुकट म्हणू नका. त्याच जमिनीवर वाढलेले मजले बाजारात विकून हा खर्च निघतो. मग उपकार कुणाचे कुणावर?

झोपडपट्टीवाल्याला मात्र ३०० फूट. आणि २०११ नंतर आलेल्याला? शून्य! त्यानं काय गटारात झोपायचं?

म्हणून सही करण्याआधी वस्तीत बसा, नकाशा मागा. दोन टॉवरमध्ये अंतर किती? पोरांना मैदान किती? लिफ्टचा, पाण्याच्या पंपाचा खर्च कोण भरणार? तो झेपला नाही, तर घर विकून आपणच शहराबाहेर फेकले जाऊ.

जय भीम!