देवाच्या नावावर, देवाच्या दारात

२०११ साली आलेला उमेश कुलकर्णींचा ‘देऊळ’ हा चित्रपट श्रद्धेची टर उडवतो, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. करडी गाय शोधून दमलेल्या केश्याला औदुंबराखाली दत्त दिसतात. हा भास की साक्षात्कार, याचा निवाडा चित्रपट करतच नाही. त्याची धार आहे ती मागाहून उभ्या राहणाऱ्या देवळाभोवतीच्या दुकानांवर आणि पुढाऱ्यांवर. शेवटी मूर्ती उचलून नेतो तोही केश्याच, भक्तीपोटी. मग पैसा शिवला की श्रद्धा बाटली म्हणायचं? तेही नाही. परेश मोकाशींच्या ‘एलिझाबेथ एकादशी’त पंढरपूरची पोरं सायकल वाचवायला कार्तिकीच्या गर्दीत चक्क दुकान मांडतात, पण देवाचं नाव विकत नाहीत, विठ्ठलाशी त्यांचं नातं तसूभरही उणावत नाही.