मूत्रपिंड वाचते ते वाटेवरच



तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु येथे मराठा राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी मुक्तांबाळ छत्र उभारले. रामेश्वरच्या यात्रेकरूंसाठी तंजावर राज्यात चालणाऱ्या अशा छत्रांची माहिती त्यांनी १८०१ मध्ये ब्रिटिश रेसिडेंटला पत्राने कळविली होती. छत्रांत अन्नाबरोबरच वैद्य, औषध आणि पथ्याचीही सोय असे. आजारी वाटसरूची बरा होईपर्यंत शुश्रूषा केली जाई. उपचार रुग्णाच्या वाटेवरच उपलब्ध असावा, हे या व्यवस्थेचे मर्म होते. सेप्सिसमुळे मूत्रपिंडाला होणाऱ्या तीव्र इजेचा विचार करताना तेच मर्म महत्त्वाचे ठरते.

जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद अनियंत्रित होऊन अवयव निकामी होऊ लागतात, तेव्हा त्या अवस्थेस सेप्सिस म्हणतात. रक्तदाब घसरतो, सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील प्रवाह विस्कळीत होतो आणि दाहामुळे मूत्रनलिकांतील पेशींना इजा पोहोचते. अतिदक्षता विभागातील मूत्रपिंडाच्या तीव्र इजेच्या सुमारे निम्म्या प्रकरणांमागे सेप्सिस असतो. भातशेतीत राबणाऱ्यांना होणारा लेप्टोस्पायरोसिस, तसेच तामिळनाडूत आढळणारा स्क्रब टायफस हे आजार या टोकाला जाऊ शकतात. मात्र वेळीच निदान झाल्यास दोन्ही साध्या प्रतिजैविकांनी बरे होतात.

ही इजा ओळखण्याचे निकष २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर निश्चित झाले. रक्तातील क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने वाढणे, सात दिवसांत मूळ पातळीच्या दीडपट होणे, किंवा सहा तास लघवी दर किलो वजनामागे तासाला अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी होणे, यांपैकी एक निकष पुरेसा असतो. म्हणजे ५० किलो वजनाच्या रुग्णाला तासाला २५ मिलिलिटरही लघवी होत नसेल, तर तो धोक्याचा इशारा समजावा. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही; मोजपात्र आणि नोंदवही पुरते.

प्रतिजैविके त्वरित सुरू करणे, सलाईन मोजून देणे, रक्तदाब सावरणे आणि मूत्रपिंडाला अपायकारक वेदनाशामके टाळणे, ही उपचाराची मुख्य सूत्रे होत. सलाईनचा अतिरेकही घातक ठरतो. डायलिसिस शरीराला आधार देते, पण इजा बरी करीत नाही. १५ देशांतील सुमारे ३,००० रुग्णांच्या अभ्यासात, तातडीची गरज नसताना डायलिसिस लवकर सुरू केल्याने मृत्यूचे प्रमाण घटले नाही, असे २०२० मध्ये दिसून आले.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला, तर २०१७ मध्ये जागतिक आरोग्य सभेने सेप्सिसविषयक ठराव संमत केला. जिल्हा रुग्णालयांतील डायलिसिस यंत्रे आवश्यकच आहेत. तथापि, त्या यंत्राची गरजच पडू नये यासाठीचे मोलाचे तास प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि रुग्णवाहिकेत निघून जातात. आपल्यापैकी काही जण उद्या प्रशासनात जातील. आरोग्यावरील खर्चाचा आराखडा तयार करताना केवळ खाटा व यंत्रे न मोजता, तापाने फणफणलेल्या शेतमजुराला पहिली प्रतिजैविक मात्रा किती वेळात मिळाली, हेही मोजावे. सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेची खरी कसोटी तीच आहे.