पट्टी कधी बघितलीस?

(आपल्या मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलताना लागलेलं पाल्हाळ थोडं कापलं आहे, सगळं नाही.)

मसाला दूध प्यायला जमलेल्या लोकांना इंजिन ऑइलबद्दल ऐकवायचं, ही कल्पना कार्यकारिणीची आहे, माझी नाही. मी मेकॅनिक नाही. शिक्षण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं आणि पोटापाण्याचा उद्योग म्हणजे लोकांच्या जुन्या सिस्टिम्स बंद न पाडता चालू ठेवणं. तेव्हा पात्रता असलीच तर एवढीच.

माझी गाडी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. २००६ सालची, १.६ लिटर पेट्रोल, मागच्या दारावर पोचा असलेली. २०१६ मध्ये घेतली तेव्हा ९४,००० मैल झाले होते आणि किंमत होती १,१५० पौंड. आज १,६७,००० मैल झालेत, म्हणजे जवळजवळ २ लाख ६९ हजार किलोमीटर. आणि ती ऑइल खाते. हे मी लपवत नाही. पण ती ऑइल खाते हे मला कळलं कसं, ते आधी सांगतो.

२०१९ ची दिवाळी. बाबा नाशिकहून आले होते. कॉव्हेंट्रीहून लंडनला मित्राकडे फराळाला निघालो. बाबा पुढे, बायको आणि दोन वर्षांची मुलगी मागे, मुलीच्या मांडीवर चकलीचा डबा. एम-४० वरून चेरवेल व्हॅली सर्व्हिसेसला वळताना, त्या वळणावर, डॅशबोर्डवर लाल दिवा लुकलुकला आणि गेला. तेलाच्या झारीचं चित्र असलेला. मी म्हटलं, "सेन्सर असेल." बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"पट्टी कधी बघितलीस?"

"सर्व्हिसिंग मार्चमध्ये झालंय, बाबा."

"मी सर्व्हिसिंग विचारलं नाही. पट्टी विचारली."

गाडी थांबवली, बॉनेट उघडलं, पट्टी काढली. कोरडी ठणठणीत! टोकाला एक काळा थेंब, बस्स. आता हे नीट ऐका, कारण मलाही तोवर माहीत नव्हतं. तो लाल दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलला दाब आहे का तेवढंच सांगतो. तळाशी ऑइल इतकं कमी झालं होतं की वळणावर ते एका बाजूला सरकलं आणि पंपाने क्षणभर हवा ओढली. म्हणजे दिवा लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. बेअरिंगला ऑइलचा पातळ थर मिळाला नाही तर धातूवर धातू घासतो, आणि मोटरवेच्या वेगाला ते काम काही सेकंदांत आटोपतं. मागे पोरगी चकली खात होती. त्यानंतर मी "सेन्सर असेल" हे वाक्य घरात उच्चारलेलं नाही.

पेट्रोल पंपावर दोन लिटर ऑइल घेतलं (मोटरवेवरचे भाव तुम्हाला माहीतच आहेत!). बाबांनी एकदम ओतू दिलं नाही. एक बाटली ओतायची, पाच मिनिटं थांबायचं, पट्टी पुसून परत बघायची, मग दुसरी. बहुतेक गाड्यांत पट्टीवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण लिटरभराचं अंतर असतं. वरच्या खुणेच्या पुढे भरणंही वाईट, क्रँक त्यात बुडून ऑइलचा फेस होतो.

बाबांना हे सगळं पद्मिनीने शिकवलं. आमच्याकडे सेकंडहँड प्रीमिअर पद्मिनी होती. १,०८९ सीसीचं साधं इंजिन. ती धूर ओकायला लागली की द्वारका सर्कलजवळच्या मिस्त्रींकडे जायची. ते इंजिनचं काम काढायचे, सिलिंडर बोअर करून थोडे मोठे पिस्टन आणि नव्या रिंगा टाकायचे, की पुन्हा गाडी तयार. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी अशाच पिढ्यानपिढ्या चालल्या. १९६४ साली फियाट ११०० डिलाइट म्हणून सुरू झालेली ती गाडी. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली, कारण टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षं. इंजिन तिथे आडवं आलं नाही, नियम आडवा आला.

मग आपण इथे तेच का करू नये? करता येतं, पण परवडत नाही. तिकडे सुटा भाग महाग आणि मिस्त्रींचा वेळ स्वस्त, इकडे उलटं. इथे इंजिन उतरवून उघडायच्या मजुरीतच माझ्यासारख्या गाडीची किंमत संपते. शिवाय हल्लीचे बरेचसे ब्लॉक ॲल्युमिनियमचे, आतला अस्तराचा थर पातळ, मोठा बोअर करायला जागाच ठेवलेली नसते. म्हणून झीज दुरुस्त करायची नाही, तिच्यासकट चालवायचं, असं माझं धोरण आहे. आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते इथल्या निम्म्या लोकांना माहीत आहे. त्यांच्याही बँकेत तशीच एक सिस्टिम आहे!

पण चालवायचं तर झीज कुठे आहे हे कळायला हवं. लंडनहून आल्यावर पहिल्या गॅरेजने (नाव सांगत नाही) बॉनेट न उघडताच "इंजिन गेलं, दुसरं टाका, २,५०० पौंड" म्हणून सांगितलं. दुसऱ्या, एकट्याने काम करणाऱ्या मेकॅनिकने कॉम्प्रेशन टेस्ट केली. स्पार्क प्लग काढून तिथे गेज लावतात आणि स्टार्टर फिरवून प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते बघतात. माझे आकडे : १६५, १६०, १२८, १५८ पीएसआय. तिसरा नापास. मग त्याने तिसऱ्यात चमचाभर ऑइल टाकलं आणि परत मोजलं. आकडा १५० वर गेला. ऑइलने पिस्टनभोवतीची फट तात्पुरती बुजली, म्हणजे दोष रिंगांचा. आकडा हलला नसता तर व्हॉल्व्हकडे बोट गेलं असतं. अर्ध्या तासाचं काम, पण मला ते फार आवडलं. अंदाज बंद आणि पुरावा सुरू.

घरच्या घरी धूरही बघता येतो. सकाळी चालू केल्यावर निळ्या धुराची एक फुंकर येऊन थांबली तर बहुधा व्हॉल्व्हची सीलं. उतारावरून येऊन परत ॲक्सिलरेटर दाबल्यावरही तसंच. जोर लावताना सतत निळा धूर येत असेल तर रिंगा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर मात्र गाडी बंद करा, कूलंट आत जातंय. थंडीत सकाळी दिसते ती वाफ, तिला घाबरू नका.

त्याच माणसाने १४ पौंडांचा एक प्लास्टिकचा तुकडा बदलला, पीसीव्ही व्हॉल्व्ह. रिंगांच्या फटीतून खाली उतरणारा वायू परत इंजिनात जाळायला नेणारी ही वाट. तो व्हॉल्व्ह उघडा अडकला होता आणि वायूबरोबर ऑइलही ओढत होता. आधी लिटरभर ऑइल ५०० मैलांत संपत होतं, बदलल्यावर ९०० मैल पुरायला लागलं. वर्षाला ८,००० मैल धरा, म्हणजे नऊ लिटर, सहा पौंडांनी ५४ पौंड. २,५०० च्या इंजिनाशी तुलना तुम्हीच करा.

हे ९०० मला कळतं, कारण मी लिहितो. ग्लोव्ह बॉक्समध्ये वही आहे. दर दुसऱ्यांदा पेट्रोल भरताना, पंपापासून बाजूला सपाट जागी गाडी लावून पट्टी बघतो आणि मैल व टाकलेलं ऑइल लिहून ठेवतो. मला आकड्याची भीती नाही, तो बदलला की भीती. गेल्या वर्षी ९०० चे एकदम ६५० झाले, वहीत दिसलं, वाकून बघितलं तर फिल्टरच्या कडेने गळत होतं. रबरी रिंग नीट बसली नव्हती, आणि ते काम मीच केलं होतं. असो.

"वरून घालतोच आहेस, मग ऑइल बदलतोस कशाला?" हे मला दोघांनी विचारलंय. ऑइलमधली रसायनं झिजतात, काजळी तिथेच राहते, फिल्टर भरतो. मी पुस्तकातला १२,००० मैलांचा सल्ला सोडून ५,००० ला बदलतो. जाडी मात्र मनाने वाढवू नका. बाबा म्हणतात जुन्या इंजिनाला काकवीसारखं दाट ऑइल घाल. पद्मिनीला चाललं. हल्लीच्या इंजिनांत व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा त्याच ऑइलच्या दाबावर चालते आणि तिच्या वाटा बारीक असतात. हँडबुकमध्ये परवानगी होती म्हणून मी ५डब्ल्यू-३० वरून १०डब्ल्यू-४० वर गेलो, तेवढंच. धूर बंद करणाऱ्या जादूच्या बाटल्यांवर माझा विश्वास नाही. एक आणली होती, वहीतल्या आकड्याला तिचा पत्ताही लागला नाही.

चालवण्याबद्दल एकच. थंड इंजिन दामटू नका आणि दारात उभं करून तापवतही बसू नका, हळू निघा. पाण्याचा काटा मध्यावर आला तरी ऑइल अजून गार असतं. छोट्या फेऱ्या सगळ्यात वाईट. पाणी आणि पेट्रोल ऑइलमध्ये साठतं, ते उडून जायला पुरेशी उष्णताच मिळत नाही. आमची शाळा पाऊण मैलावर आहे, बायको आणि मुलगी चालत जातात. (श्रेय मी घेतो, पावसात मात्र बोलणी खातो.)

एमओटीबद्दल. १९६० मध्ये ती सुरू झाली तेव्हा दहा वर्षांच्या गाड्यांना होती, आता तीन वर्षांपासून. माझ्या वयाच्या पेट्रोल गाडीला चढ्या आयडलवर हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत आणि कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत लागतो. ऑइल जळत राहिलं की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हळूहळू निकामी होतो, म्हणून दरवर्षीचे हे दोन आकडेही वहीत जातात. टेस्टला जाताना अर्धा तास चालवून, गाडी गरम करून न्यावी. बर्मिंगहॅमच्या झोनमध्ये किंवा लंडनच्या युलेझमध्ये माझ्या गाडीला पैसे पडत नाहीत, कारण ती पेट्रोलची आणि युरो ४ आहे. तिच्याहून आठ वर्षं तरुण डिझेल गाड्यांना मात्र बहुधा पडतात!

आता जे सांगायला मला जड जातंय ते. मागच्या एमओटीत इंजिन पास झालं. सूचनांमध्ये ओळ आली : मागच्या चाकापुढे, दाराखालच्या पट्टीला गंज. हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ. इथल्या जुन्या गाड्या इंजिनाने कमी आणि मिठाने जास्त जातात. इंजिन दगा देईल तर आपण कडेला थंडीत उभे राहू. गंज, ब्रेक आणि स्टिअरिंग दगा देतील तर मागे कोण बसलंय ते आठवतं. म्हणून त्या तिघांबाबत मी वहीत हिशेब मांडत नाही. यंदा पत्रा कापून नवा जोडायला ३०० पौंड सांगितले आहेत, तो मी जोडून घेणार. पुढच्या वर्षी चॅसीच्या मुख्य भागाला गंज लिहून आला तर गाडी देऊन टाकणार. बाबांना फोनवर सांगितलंय. ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "ठीक. पण तोपर्यंत पट्टी बघ."

माझं संपलं. दूध झाल्यावर ज्यांना बघायची आहे त्यांनी पुढच्या पार्किंगमध्ये या. मागचं उताराचं आहे, तिथे पट्टी खोटं बोलते. गाड्या येऊन दोन तास झालेत, म्हणजे ऑइल खाली उतरलं असेल. टॉर्च आणि किचन रोल माझ्याकडे आहे.