सुई आपल्या हाती

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)

बाईच्या आरोग्याविषयी आपण बोलतो तेव्हा बहुधा बाळंतपण, गर्भपात, गर्भनिरोधके यांच्यावर बोलतो. पाळी गेलेल्या बाईचे काय? ती आपल्याही अजेंड्यावर मागेच राहते. म्हणून आज मी हाडांच्या ठिसूळपणाविषयी, ऑस्टिओपोरोसिसविषयी बोलणार आहे. त्यातही एका साध्या गोष्टीविषयी: घरच्या घरी, स्वतःच्या हाताने, पेनमधून इंजेक्शन घेणे.

पाळी थांबली की इस्ट्रोजेन कमी होते आणि हाडांची झीज वेगाने होऊ लागते. सगळ्यांच्या मागून, उरलेसुरले जेवलेल्या बाईच्या हाडांत मुळात साठाच कमी. गर्भाशयाबरोबर ज्यांचे बीजकोशही काढले गेले, त्यांच्यावर ही वेळ चाळिशीच्या आतच येऊ शकते. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली ऐरणीवर आला, शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. त्या बायकांच्या हाडांचा प्रश्नही आपण लावून धरला पाहिजे.

या आजारावरची बरीच औषधे हाडांची झीज कमी करतात. टेरीपॅरॅटाइड हे औषध मात्र नवे हाड तयार व्हायला मदत करते. मणका दबलेल्या, हाड मोडलेल्या, पुन्हा मोडण्याचा मोठा धोका असलेल्या रुग्णांना ते देतात. रोज एकदा, २० मायक्रोग्रॅम, कातडीखाली; साधारणपणे जास्तीत जास्त दोन वर्षे. रोज! म्हणजे रोज कोणीतरी टोचायला हवे. इथेच बाईचे परावलंबन सुरू होते.

माझ्या कामात भेटलेल्या एक बाई, वय अडुसष्ट. पाण्याची बादली उचलताना मणका दबला. इंजेक्शन मुलगा द्यायचा. तो गावाला गेला की खाडा. कंपाउंडरला बोलवायचे तर प्रत्येक वेळी पैसे. "तुम्हीच का घेत नाही?" विचारले, तर घरचेच म्हणाले, "तिला नाही जमायचं." बाई म्हणाल्या, "गोधड्या शिवण्यात जन्म गेला, सुईला कोण भितंय? चुकलं तर काय, याचं भ्या वाटतं." मैत्रिणींनो, अडचण सुईची नव्हती, माहितीची होती. सोबतचे पत्रक इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढे. नर्सबाईंनी एकदा दाखवले, तेही घाईत.

मग आम्ही तिघी बसलो: त्या, त्यांची सून आणि मी. नर्सबाईंकडून पायऱ्या नीट समजून घेतल्या आणि मराठीत मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवल्या. हात स्वच्छ धुवा. औषध पाण्यासारखे स्वच्छ आहे ना, पाहा. गढूळ असेल तर वापरू नका. दर वेळी नवी सुई. मांडीवर किंवा पोटावर, रोज जागा बदलून. बटण पूर्ण दाबल्यावर लगेच सुई काढायची नाही, पत्रकात दिले असेल तितके अंक मोजायचे. पेनांचे प्रकार वेगवेगळे असतात, म्हणून आपल्या पेनची रीत आपल्याच पत्रकातून समजून घ्यायची. सुरुवातीला चक्कर येऊ शकते. तेव्हा बसून किंवा आडवे होऊनच घ्या. एखादी वेळ चुकली तर त्याच दिवशी आठवताच घ्या, पण एका दिवसात दोन डोस नाहीत.

पेन फ्रिजमध्ये ठेवायचे, बर्फाच्या कप्प्यात नाही. सुई लावून ठेवायचे नाही. पहिल्या वापरानंतर २८ दिवसांनी औषध उरले तरी टाकायचे. दुसऱ्या कोणाला वापरायला द्यायचे नाही, अगदी सुई बदलूनही नाही. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या डब्यात. कचरा वेचणारीही आपलीच बहीण आहे, तिच्या हाताला ती सुई लागता कामा नये.

पहिले चार दिवस सून शेजारी बसली. पाचव्या दिवशी बाईंनी तिला उठवलेच नाही.

काही जणी म्हणतील, आपण तर इंजेक्शनांविरुद्ध लढलो! १९८५ साली पटनचेरूला नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचणीत बायकांना पुरेशी माहिती दिली नव्हती. १९८६ साली स्त्री शक्ती संघटना आणि इतर गट सर्वोच्च न्यायालयात गेले. तो लढा बाईला न विचारता, न सांगता तिच्या शरीरावर प्रयोग करण्याविरुद्ध होता. इथे मागणी तीच आहे: सगळे सांगा, मग निर्णय आमचा. हाडांना पूर्वी किरणोपचार झाले असतील, हाडांचा कर्करोग झाला असेल किंवा रक्तात कॅल्शियम जास्त असेल तर हे औषध चालत नाही, हे डॉक्टरांनी आधी विचारलेच पाहिजे. कोर्स संपल्यावर दुसरे औषध घेतले नाही तर कमावलेले हाड पुन्हा झिजते, हेही पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे.

औषध महाग आहे. अनेकींच्या घरात ते येणारच नाही, कित्येकींकडे फ्रिजही नाही. म्हणून आपल्या मागण्या अशा: सरकारी रुग्णालयांतून हाडांची तपासणी आणि उपचार मिळावेत, प्रत्येक पेनबरोबर मोठ्या अक्षरातले मराठी पत्रक असावे, आणि बाईला स्वतःला, तिच्या मुलाला नव्हे, वेळ देऊन शिकवावे.

पुढच्या बैठकीला आपापल्या गटातल्या साठीच्या पुढच्या बायकांना सोबत आणा. त्यांच्याविषयी आपण बोलण्यापेक्षा त्यांनाच बोलू द्या.