द्वारका चौक पायी ओलांडताना



नाशिकच्या द्वारका चौकात पायी चालणाऱ्यांसाठी बांधलेला एक भुयारी मार्ग आहे. मुंबई-आग्रा महामार्गावर शहराच्या मधून जाणारा लांबलचक उड्डाणपूल २०१३ साली खुला झाला, त्याच कामातला हा भाग. लांब पल्ल्याच्या गाड्या वरून जातील, शहरातली वाहने पुलाखालून आणि पायी माणसे जमिनीच्या पोटातून, असा तो हिशेब होता. माणसे मात्र खाली उतरली नाहीत. भुयार कधी उघडे, बहुतेक काळ बंद, असेच राहिले आणि लोक पूर्वीसारखेच वाहनांमधून वाट काढत चौक ओलांडत राहिले. लोकांना शिस्त नाही, असे यावर सर्रास म्हटले जाते. मला ते मुळीच पटत नाही. वाढत्या शहरात माणसाला नीट राहता यावे यासाठी काय करायला हवे, हा मोठा प्रश्न आहे. त्याचे निम्मे उत्तर मला या चौकात दिसते.

सकाळी साडेनऊच्या सुमाराला तिथे थोडा वेळ उभे राहा. पुण्याचा रस्ता इथूनच फुटतो. सिन्नर-संगमनेरकडे जाणाऱ्या एस.टी. गाड्या, शहर बस, मालट्रक, दुचाक्या, 'नाशिकरोड, नाशिकरोड' असा पुकारा करणारे रिक्षावाले, सगळे एकाच वेळी वळत असतात. काठे गल्लीकडून येणारी, पाठीवर दप्तर असलेली मुले आणि वडाळा नाक्याकडून कामाला निघालेल्या बाया पुलाच्या खांबापाशी येऊन थांबतात. खांब एवढा जाड असतो की पलीकडून काय येते आहे ते दिसत नाही. मग मान पुढे काढून पाहायचे, एक लेन ओलांडायची, पुढच्या खांबाचा आडोसा धरायचा, पुन्हा मान काढायची. हातात पिशवी असेल, कडेवर मूल असेल, गुडघा दुखत असेल तर प्रत्येक टप्प्याला दुप्पट वेळ लागतो. गाड्या तेवढा वेळ देत नाहीत.

या माणसांना आपण काय सांगितले? पायऱ्या उतरा, अंधारातून चाला, पलीकडे तेवढ्याच पायऱ्या चढा. गाडी चालवणाऱ्याला चढायला फक्त पेट्रोल लागते, चालणाऱ्याला दम लागतो. त्यातून भुयारात दुकान नाही, वर्दळ नाही, कोणाची नजर नाही. संध्याकाळी सातनंतर एकट्या मुलीने तिथून जावे असे कोणते आईबाप म्हणतील? आणि जिथे वर्दळ नाही तिथे माणसे यायला आणखी कचरतात. चालणारा माणूस सरळ वाट, सपाट वाट आणि चार माणसांची वाट निवडतो. हा माणसाचा स्वभाव आहे आणि रस्त्याची आखणी त्याला धरूनच करायला हवी.

हे असे का झाले ते पाहायला थोडे मागे जावे लागेल. नाशिक महानगरपालिका १९८२ साली स्थापन झाली. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका आणि आजूबाजूची वीसेक गावे एकत्र आली. सुमारे अडीचशे चौरस किलोमीटरचे शहर एका आदेशाने जन्माला आले. १९९१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या आसपास होती. २००१ मध्ये ती पावणेअकरा लाखांच्या घरात गेली आणि २०११ मध्ये पावणेपंधरा लाखांच्या पुढे. वीस वर्षांत दुपटीहून जास्त. ज्या महामार्गाने पूर्वी जुन्या नाशिकला बाहेरून वळसा घातला होता, तो या वाढीत शहराच्या ऐन मध्यावर आला. घर एका बाजूला, शाळा दुसऱ्या बाजूला. दवाखाना इकडे, भाजीबाजार तिकडे. रस्ता मात्र महामार्गच राहिला. तो रुंद करताना जुनी मोठी झाडेही गेली, म्हणजे चालणाऱ्याची सावलीसुद्धा गेली. ओझर, पिंपळगाव बसवंत, चाकण, महामार्गावरच्या कोणत्याही वाढत्या गावात जा, हीच कथा आहे. गाव रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाढते आणि मग त्या रस्त्यानेच दुभंगते.

केंद्र सरकारने २००६ साली राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण जाहीर केले. रस्त्याचा विचार वाहने हलवण्यासाठी नव्हे तर माणसे हलवण्यासाठी करायचा, हा त्याचा गाभा. पुढे मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथावरून सुरक्षित चालता येणे हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या अधिकाराचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. धोरण आहे आणि न्यायालयाचा शब्दही आहे. पण चौकाचा नकाशा काढायला बसले की टेबलावर मोजणी असते ती वाहनांची. तासाला किती ट्रक, किती मोटारी. त्या तासात किती माणसे पायी गेली आणि त्यातली किती साठीच्या पुढची होती, हा आकडा त्या कागदावर नसेल तर नकाशात त्यांना जागा कुठून मिळणार?

बसचेही तसेच. नाशिकने जुलै २०२१ मध्ये 'सिटीलिंक' ही स्वतःची शहर बससेवा सुरू केली. त्याआधी हे काम एस.टी. करत असे. महापालिकेने हे ओझे अंगावर घेतले याचे मला खरेच कौतुक वाटते. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या 'मेट्रो निओ'साठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली. रबरी टायरवर, विजेच्या तारांखाली धावणारी ती गाडी अजून कागदावरच आहे. तिची वाट पाहण्यात वर्षे गेली. एवढ्या काळात द्वारका ते नाशिकरोड या पट्ट्यात बसला स्वतंत्र मार्गिका देऊन पाहता आली असती. रंगाचा पट्टा, दुभाजक, थांब्यावर सावली आणि चौकात बसला आधी सोडणारा सिग्नल, एवढेच त्याला लागते. कोंडीत अडकून बस जर मोटारीइतकाच वेळ घेणार असेल तर कोणी दुचाकी घरी ठेवून बसने का जावे? आणि रोज रस्त्यावर येणारी प्रत्येक नवी दुचाकी हाच चौक आणखी अवघड करते.

चालणाऱ्यांसाठी रस्त्याबाहेरही वाट काढता येते. द्वारकेहून पुण्याच्या दिशेने थोडे पुढे गेलात की एक पूल लागतो. खालून नासर्डी वाहते, नंदिनीही म्हणतात तिला. सातपूर-अंबडची औद्योगिक वसाहत आणि दाट वस्ती यांच्यामधून येणारी ही नदी पुढे टाकळीला गोदावरीला मिळते. समर्थ रामदासांनी तपश्चर्या केली ती टाकळी. आज पुलावरून जाताना लोक नाकाला रुमाल लावतात. दोन्ही काठांनी वाट काढली, सांडपाणी अडवले, चार झाडे लावली, तर रहदारीचा एकही रस्ता न ओलांडता कितीतरी वस्त्यांना चालत जाता येईल. हे अशक्य नाही. दक्षिण कोरियात सोल शहराने चोंगेचोन ओढ्यावरचा उड्डाणमार्ग २००३ मध्ये पाडायला घेतला आणि २००५ मध्ये तो ओढा माणसांना परत दिला. आपल्याला काही पाडायचेही नाही, फक्त नदीत टाकणे थांबवायचे आहे. नदीला तिची जागा नाकारली तर ती घेतेच, हे नाशिककरांनी १९६९ च्या, २००८ च्या आणि २०१६ च्या पुरात पाहिले आहे. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कोणत्या अंगापर्यंत पाणी चढले यावरून पूर मोजणाऱ्या शहराला हे वेगळे सांगायला नको.

आता २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा समोर आहे. पुण्याकडून आणि मुंबईकडून येणाऱ्या भाविकांचे लोंढे द्वारकेवर एकत्र येतात. वाहने लांब थांबवली जातात आणि पुढे सगळे चालतच जातात. म्हणजे सिंहस्थ हा मुळात पायी चालणाऱ्यांचा सोहळा आहे. २००३ मध्ये रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. चालणाऱ्याची वाट अरुंद ठेवण्याची किंमत या शहराने इतकी मोठी मोजली आहे. तरीही सिंहस्थाची कामे म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा येतात ते वर्तुळाकार रस्ते आणि वाहनतळ.

द्वारका चौकातले गोल वाहतूक बेट २०२५ मध्ये काढण्यात आले. कोंडी फोडण्यासाठी इथे वाहनांकरता भुयारी मार्ग करण्याची योजनाही पुढे आली आहे. मी तिच्या विरोधात नाही. वाहनेच खाली जाणार असतील आणि जमिनीवरचा चौक माणसांना मिळणार असेल, तर मी तिचे स्वागतच करीन. पण ते आपोआप होणार नाही. खाली वाहने गेली की वर मोकळी झालेली जागा उरलेली वाहने लगेच व्यापतात, उड्डाणपुलाच्या वेळी आपण हे अनुभवले आहे. म्हणून वरच्या चौकाचा आराखडा भुयाराबरोबरच ठरायला हवा आणि त्याच निविदेत यायला हवा. चारही बाजूंनी जमिनीच्या पातळीवर पट्टे हवेत आणि चालणाऱ्यांसाठी सिग्नलचा वेळ म्हाताऱ्या माणसाच्या चालीने मोजलेला हवा. रस्ता एका दमात ओलांडता आला नाही तर मध्ये थांबायला उंच, सुरक्षित ओटा हवा. बसथांबा आणि रिक्षाथांबा वळणापासून दूर हवा, पण इतकाही नको की पायपीट व्हावी. आणि पुलाखाली फेरीवाल्यांना आखून दिलेली, दिवे असलेली जागा हवी, म्हणजे रात्री नऊलाही तिथे माणसांची जाग राहील.

द्वारका, काठे गल्ली, वडाळा नाका, टाकळी रोड या भागांत राहणाऱ्या श्रोत्यांना माझी विनंती आहे. हा आराखडा पाहायला मागा. आपापल्या प्रभागातल्या नगरसेवकाकडे मागा, महापालिकेत अर्ज करून मागा. नकाशा हातात आला की आपल्या घरापासून मुलाच्या शाळेपर्यंतची वाट त्यावर पेन्सिलने काढून पाहा. ती वाट जिथे जिथे तुटेल त्या जागेवर खूण करा आणि तीच आपली हरकत म्हणून लेखी नोंदवा. काम सुरू होण्याच्या आत हे व्हायला हवे. काँक्रीट एकदा ओतले की पुढची तीस-चाळीस वर्षे ती खूण पुसता येत नाही.