जागल्या आणि न्यायासन

(भिवंडी तालुक्यातील अंबाडी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्राच्या गावगाड्यात जागल्या नावाचा एक सेवक असे. गाव झोपले की त्याचा दिवस सुरू होई. चोराची चाहूल लागताच हाळी देणे हे त्याचे कर्तव्य. चोर पाटलाच्या नात्यातला आहे म्हणून जागल्या गप्प राहिला, तर ती कर्तव्यात कसूर ठरे. शासनव्यवहारातील गैरप्रकार आतून उघड करणाऱ्या माणसाला आज मराठी वृत्तपत्रे ‘जागल्या’ म्हणतात, ते अगदी यथार्थ आहे.

ही परंपरा आपल्याकडे नवी नाही. वारणावतात लाक्षागृह उभारण्याचा बेत हे हस्तिनापूरच्या राजसत्तेचे गुपित होते. विदुर त्याच सत्तेचा अमात्य. तरीही त्याने सांकेतिक भाषेत युधिष्ठिराला सावध केले. राजनिष्ठा आणि धर्मनिष्ठा यांत विरोध उभा राहिला, तेव्हा विदुराने धर्म निवडला. पुढे द्यूतसभेत भीष्म-द्रोणांसारखे ज्येष्ठ निरुत्तर बसले असताना कौरवांपैकी एकटा विकर्ण द्रौपदीच्या बाजूने बोलला. विदुर हा जागल्याचा आदर्श, तर विकर्ण हा एकाकी पडूनही न्याय सांगणाऱ्याचा.

मराठ्यांच्या इतिहासात दुसरे उदाहरण रामशास्त्री प्रभुणे यांचे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. कारस्थान सत्तेच्या घरातलेच होते आणि राघोबादादा स्वतः गादीवर आले होते. रामशास्त्र्यांनी चौकशी केली, राघोबांना दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि न्यायासन सोडून पुणे सोडले. आज महाराष्ट्र त्या काळातील अनेक सरदारांची नावे विसरला, रामशास्त्र्यांचे विसरलेला नाही.

आता स्वतंत्र भारताकडे वळू. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली. ४ जुलै रोजी संघावर बंदी आली. सरसंघचालक बाळासाहेब देवरस येरवड्याच्या कारागृहात होते. ठाणे, नाशिक रोड, येरवडा येथील तुरुंग सत्याग्रहींनी आणि स्थानबद्धांनी भरले. शाह आयोगाच्या अहवालानुसार ‘मिसा’खाली ३४,९८८ आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८ जणांना अटक झाली होती. हे आकडे अनेक घरांत ‘बाबा केव्हा येणार’ या अनुत्तरित प्रश्नाच्या रूपाने जगले गेले.

या दडपशाहीचा खरा आधार गुप्तता हा होता. आणीबाणीतच ‘मिसा’ कायद्यात दुरुस्ती करून स्थानबद्धतेची कारणे गोपनीय ठरविण्यात आली. ती कैद्याला सांगायची नाहीत, एवढेच नव्हे तर न्यायालयालाही दाखवायची नाहीत. ज्याला आरोपच ठाऊक नाही, त्याने बचाव कशाचा करावा? आणि ज्याच्यापुढे कागदच नाही, त्या न्यायाधीशाने तपासावे तरी काय?

तरीही अनेक उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या याचिका ऐकल्या. मुंबई उच्च न्यायालयाने तर आपली पत राखली. वकिलांच्या एका खासगी सभेवर पोलिसांनी घातलेली बंदी मुख्य न्यायमूर्ती कांटावाला आणि न्या. तुळजापूरकर यांनी रद्द ठरविली. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या नियतकालिकातील मजकूर सेन्सॉरने अडविला, तेव्हा फेब्रुवारी १९७६ मध्ये न्या. माडन आणि न्या. कानिया यांनी मसानींच्या बाजूने कौल दिला. सर्व वृत्तपत्रांना एकाच सुरात बोलायला लावणे हे सेन्सॉरचे काम नव्हे आणि शांततामय टीका आणीबाणीतही गुन्हा ठरत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

पण २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने उच्च न्यायालयांचे निर्णय फिरविले. आणीबाणी असेतो स्थानबद्धाला दाद मागता येणार नाही, असे बहुमत म्हणाले. त्या बहुमतात महाराष्ट्राचे सुपुत्र न्या. यशवंतराव चंद्रचूडही होते, हे दुःखाने नोंदवावे लागते. एकटे न्या. हंसराज खन्ना वेगळे उभे राहिले. सुनावणीत त्यांनी सरकारी वकिलांना विचारले होते की, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाला ठार केले, तरीही उपाय नाही का? नाही, हेच उत्तर आले. या निकालाने सरन्यायाधीशपद जाईल, याची खन्नांना पूर्ण कल्पना होती. जानेवारी १९७७ मध्ये ज्येष्ठता डावलून न्या. बेग यांची नेमणूक झाली आणि खन्नांनी राजीनामा दिला. चार दशकांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तो बहुमताचा निकाल चुकीचा ठरविला. ते निकालपत्र लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे यशवंतरावांचेच चिरंजीव. पित्याची चूक पुत्राने न्यायासनावरून दुरुस्त केली.

येथे कोणी विचारील, मग राष्ट्राला गुपिते नसावीत काय? अवश्य असावीत. मे १९९८ मध्ये पोखरणची सिद्धता साऱ्या जगापासून लपविली गेली, त्याचा प्रत्येक भारतीयाला अभिमान आहे. सैन्याची हालचाल, गुप्तचरांची नावे यांचे रक्षण झालेच पाहिजे. प्रश्न एवढाच की, झाकलेली गोष्ट राष्ट्राची आहे की खुर्चीची? शत्रूपासून लपविणे हे संरक्षण आहे. स्वजनांपासून ठेकेदाराचे देयक लपविणे हा अपहार आहे. इंग्रजांचा १९२३ चा शासकीय गुपिते कायदा हा भेद जाणत नव्हता. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने तो मान्य केला. देशाच्या सुरक्षेची माहिती त्याने वगळली. परंतु सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येईल, असेही सांगितले. महाराष्ट्राने तर २००२ मध्येच असा कायदा केला होता. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा त्यात मोठा वाटा आहे.

कायदा आला, पण जागल्या सुरक्षित झाला काय? सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्याने सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातील गैरव्यवहार पंतप्रधान कार्यालयाला कळविले, नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते पत्र नावासह कार्यालयांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्याची हत्या झाली. तपास यंत्रणेने हा लुटीचा प्रकार मानला. पण विश्वासाने दिलेले नाव जपले गेले नाही, ही गोष्ट उरतेच. त्या वेळी सत्तेत अटलजींचे सरकार होते. आपल्या विचारांचे सरकार असले म्हणून हा प्रश्न टाळता येत नाही. उलट तो अधिक निष्ठेने विचारला पाहिजे. १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे येथे जमीन व्यवहार उघड करणाऱ्या सतीश शेट्टी यांचा खून झाला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली. जागल्यांच्या संरक्षणाच्या कायद्याला मे २०१४ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. दशक उलटूनही तो अमलात आलेला नाही.

मग अंबाडीसारख्या गावाने काय करावे? भिवंडी-वाडा रस्त्यावरून नाक्यापर्यंत येणाऱ्याला रस्ता म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. त्या कामाचे अंदाजपत्रक, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिका पाहण्याचा अधिकार दहा रुपयांच्या अर्जाने मिळतो आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. मात्र अर्ज एकट्याने करू नये. एकट्याला धमकावता येते, ग्रामसभेला येत नाही. पाच-पंचवीस जणांनी सह्या केल्या, की जागल्याचे नाव लपवावेच लागत नाही. सारे गावच जागल्या होते.

खन्ना एकटे उभे राहिले, कारण त्या दिवशी न्यायासनावर दुसरा विकर्ण नव्हता. रात्री हाळी देणाऱ्याच्या मागे दारे उघडून लोक बाहेर येतात, तेव्हाच चोर पळतो. दारे बंदच राहिली, तर जागल्याचा बळी जातो आणि गाव लुटले जाते. संघटित समाजाचे पहिले लक्षण हेच, की त्याच्यातील सत्य बोलणारा माणूस कधी एकटा पडत नाही.