किर्लोस्करवाडीची पहिली मंडळी

नव्या उद्योगाची कथा सांगताना बहुधा एकाच पुरुषाचे नाव पुढे येते. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या बाबतीतही तसेच झाले आहे. परंतु त्यांच्या कारखान्याची घडी कशी बसली हे पाहावयाचे, तर आरंभी त्यांनी कोणाला जवळ केले इकडे लक्ष द्यावे लागते.

पहिला सोबती घरातलाच. १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान निघाले, तेव्हा लक्ष्मणराव मुंबईस होते. सायकली तेथून येत. त्या विकण्याचे आणि गिऱ्हाइकास बसावयास शिकविण्याचे काम थोरले बंधू रामूअण्णा पाहत. एकाचा जीव यंत्रात, दुसऱ्याचा माणसांत. ही वाटणी पुढेही मोडली नाही. भावाभावांच्या धंद्यात असे विरळाच घडते.

पुढे कडबा कापण्याचे यंत्र निघाले, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर खपावयास दोन वर्षे गेली. अशातच बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडण्यास सांगितले. चालता कारखाना उचलून न्यावयाचा कोठे? औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल स्टेशनाजवळ ३२ एकर माळ देऊ केला. निवडुंग आणि साप यांखेरीज तेथे फारसे काही नव्हते. तरीही १९१० मध्ये सुमारे २५ कामगार बिऱ्हाडांसह तेथे गेले. मालकाविषयी भरवसा नसता, तर बेळगावचे पाणी सोडून कोण निघाला असता?

माळावर प्रत्येकाचा कस लागला. शंभुराव जांभेकर यंत्रविद्येतले अनुभवी. मंगेशराव रेगे हिशेबाला पक्के. अनंतराव फळणीकरांचे शिक्षण अर्ध्यावर सुटलेले, पण यंत्राची जाण उपजत. के. के. कुलकर्णी तर पडेल ते काम करीत. कधी व्यवस्था पाहत, कधी विक्रीसाठी फिरत. वसाहतीची आखणी आणि कारभार रामूअण्णांकडे होता. पूर्वी दरोडेखोर म्हणून दहशत बसविलेल्या दोघांना राखणीस नेमले, आणि त्यांनी ती इमानाने केली. आजच्या एखाद्या नव्या कंपनीचे संचालक अशा नेमणुकीस मान्यता देतील, असे वाटत नाही.

१९२० मध्ये या व्यवसायाची लिमिटेड कंपनी झाली. लक्ष्मणरावांची कीर्ती तोवर दूरवर पोचली होती. नाव मात्र दोघा भावांचेच राहिले – किर्लोस्कर ब्रदर्स.